बारावीत मार्क कमी पडले? डिप्लोमामार्गे सीओईपी-व्हीजेटीआय गाठताना मुलं नेमकी कुठे चुकतात

जून-जुलैत माझ्याकडे दोन प्रकारची मुलं येतात. पहिल्यांच्या हातात बारावीची मार्कशीट असते, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स मिळून चाळीस-बेचाळीस टक्के, आणि सोबतचे वडील कुठेतरी डोनेशन भरून सीट घ्यायच्या बेतात असतात. दुसऱ्यांच्या हातात डिप्लोमाचे ब्याण्णव टक्के असतात, पण नॉन-क्रिमिलेयरची (आरक्षणासाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या प्रमाणपत्राची) मुदत मार्चमध्येच संपलेली असते. पहिल्यांना वाटतं सगळं संपलं आणि दुसऱ्यांना वाटतं आपलं काम झालं. चूक दोघांचीही होते, आणि ती टाळता येते म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुण्याचं सीओईपी आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय ही नावाजलेली इंजिनिअरिंग कॉलेजं. तिथे पोचायचा मार्ग एका वाक्यात सांगायचा तर असा: आधी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे ज्याला सगळे डीएसई म्हणतात तो. या प्रवेशाला वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, नाही. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या टक्क्यांवर लागते. बारावीच्या मार्कांचं ओझं इथे उतरतं. त्या बदल्यात डिप्लोमातला एकेक मार्क सोन्याचा होतो, आणि हे बहुतेकांना फार उशिरा कळतं.

## टप्पा १ : आपण कोणत्या दारात उभे आहोत ते आधी ठरवा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला बसायचं तर बारावीत ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के. हे टक्के एकूण मार्कशीटचे नसतात, तीन विषयांचे असतात. बरेच पालक इथेच फसतात.

एक हिशेब करून दाखवते. फिजिक्स ४१, केमिस्ट्री ४३, मॅथ्स ४२, इंग्रजी ६२, मराठी ७०, आयटी ७१. एकूण ६०० पैकी ३२९, म्हणजे जवळजवळ ५५ टक्के. घरात सगळे निश्चिंत. पण पीसीएमची बेरीज १२६, म्हणजे ४२ टक्के. खुल्या प्रवर्गातला मुलगा इथे अडकला असं वाटतं. मात्र पात्रतेसाठी फिजिक्स आणि गणित हे दोनच विषय पक्के असतात. तिसऱ्या जागी केमिस्ट्रीच्या ऐवजी यादीतला दुसरा विषय चालतो. आयटी धरला की ४१ + ४२ + ७१ = १५४, म्हणजे ५१ टक्क्यांच्या वर. मुलगा पात्र ठरला. कोणते विषय चालतात ती यादी सीईटी सेलच्या, म्हणजे हे प्रवेश करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत असते. हताश होण्याआधी ही बेरीज दोनदा करा.

आता दारं:

- बारावी सायन्स पास, पण पहिल्या वर्षासाठी अपात्र किंवा सीईटीचं पर्सेंटाईल फारच कमी: डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन वर्षं डिप्लोमा, मग तीन वर्षं डिग्री. बारावीनंतर एकूण पाच.
- बारावी नापास, किंवा आर्ट्स-कॉमर्स: दहावीच्या मार्कांवर तीन वर्षांचा डिप्लोमा. एकूण सहा.
- बारावी ठीक आहे, फक्त सीईटी गेली: आधी पुन्हा सीईटी देण्याचा विचार करा. डिप्लोमा हा त्यावरचा उतारा नाही. वर्ष दोन्हीकडे एकच जास्त जातं, पण ज्याला मुळात लेखी परीक्षेची भीती नाही त्याने डिप्लोमात उगाच शिरू नये.

सावधान : "आत्ता कुठेही पहिल्या वर्षाला घाला, पुढच्या वर्षी ट्रान्सफर करून मोठ्या कॉलेजात नेतो" असं सांगणारे एजंट भेटतात. एका कॉलेजातून दुसऱ्यात बदली तिथे जागा रिकामी असेल तरच होते. नावाजलेल्या कॉलेजात चांगल्या ब्रँचची जागा अशी पडून राहत नाही. या आशेवर पैसे देऊ नका.

## टप्पा २ : पॉलिटेक्निक निवडताना नाव नको, दिनक्रम बघा

डिप्लोमाचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात. नाशकात सामनगाव रोडचं शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि खासगी पॉलिटेक्निकही बरीच आहेत. शासकीयला फी कमी, म्हणून पहिली पसंती त्यालाच द्या. तिथे नाही लागलं तर मात्र नावामागे धावू नका.

कारण साधं आहे. एमएसबीटीईशी, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाशी, संलग्न कॉलेजांची लेखी परीक्षा एकच असते. सिन्नरच्या मुलाला आणि गंगापूर रोडच्या मुलाला तोच पेपर येतो, आणि पुढे डीएसईच्या यादीत कॉलेजचं नाव कोणी बघत नाही, टक्के बघतात. पॉलिटेक्निक स्वायत्त असेल तर परीक्षा त्यांची स्वतःची असते, तेवढं आधी विचारून घ्या.

म्हणून मी मुलांना प्रत्यक्ष कॉलेजात जायला सांगते. दुपारी दोन वाजता जा. लॅब उघडी आहे का? प्रॅक्टिकलची मॅन्युअल दर आठवड्याला तपासली जातात की सेमिस्टरच्या शेवटी गठ्ठ्याने? घरापासून यायला-जायला किती वेळ लागतो? दिंडोरीहून किंवा निफाडहून रोज येऊन-जाऊन तीन तास बसमध्ये घालवणारा मुलगा कितीही हुशार असला तरी ऑक्टोबरपर्यंत दमतो.

ब्रँच ठरवताना पुढची डिग्री डोळ्यांसमोर ठेवा. वेगळ्या ब्रँचला डिग्रीत जाता येतं, पण मधले विषय ब्रिज कोर्स करून भरून काढावे लागतात.

## टप्पा ३ : पहिले आठ आठवडे

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण खरा निकाल बऱ्याचदा इथेच लागतो.

बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलाने डिप्लोमाचं पहिलं वर्ष केलेलंच नसतं. वर्गातल्या इतरांनी इंजिनिअरिंग ड्रॉइंग केलेलं असतं, वर्कशॉप केलेलं असतं, जर्नल कसं लिहायचं हे त्यांच्या हाताला माहीत असतं. नवा मुलगा दोन महिने गप्प बसतो आणि पहिल्या क्लास टेस्टला भानावर येतो. असं करू नका. पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या कोणाकडून पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या शीट आणि गणिताची वही मागून घ्या. रोज एक तास त्यालाच द्या, दिवाळीपर्यंत.

दुसरं काम जरा जिवावर येईल असं आहे. बारावीत मार्क का पडले नाहीत हे कागदावर लिहा. "अभ्यास केला नाही" हे उत्तर नाही. गणित आठवीपासून कच्चं होतं? क्लासमध्ये इंग्रजीतून शिकवलेलं डोक्यावरून जात होतं? घरी आजारपण होतं? फोन? प्रत्येकावर वेगळा इलाज असतो. गणित कच्चं असलेल्या मुलाने अपूर्णांक, त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदमपासून सुरुवात करावी, त्यात लाज कसली. इंग्रजीने अडलेल्याने प्रत्येक विषयाच्या पन्नास-साठ पारिभाषिक शब्दांची वही करावी, अर्थ मराठीत लिहून. कारण न शोधता नुसता निर्धार केलेली मुलं डिप्लोमातही साठ टक्क्यांवरच थांबलेली मी पाहिली आहेत.

तिसरं काम परीक्षा विभागात जाऊन विचारायचं: माझ्या स्कीममध्ये (म्हणजे मला लागू असलेल्या अभ्यासक्रमात) डिप्लोमाची शेवटची टक्केवारी कोणत्या सेमिस्टरांवरून काढतात? स्कीम बदलते तसे नियम बदलतात, आणि सीनियर मुलं जुन्या स्कीमचं सांगतात. "पहिल्या वर्षाचे मार्क धरत नाहीत" हे ऐकून निवांत राहणारा मुलगा शेवटच्या वर्षी अचानक अभ्यासू होत नाही.

तपासा : आठव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक विषयाचं मॅन्युअल त्या तारखेपर्यंत सही होऊन पूर्ण आहे का? एक जरी मागे असेल तर पुढचा धडा नंतर, आधी ते.

## टप्पा ४ : एक्क्याण्णव आणि शहाण्णव यांच्यातला फरक

थेट दुसऱ्या वर्षासाठी जागा किती असतात ते समजून घ्या. मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा जादा असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळवतात. सामान्य कॉलेजात रिकाम्या जागा बऱ्याच असतात, म्हणून तिथे प्रवेश सोपा. सीओईपी किंवा व्हीजेटीआयमध्ये त्या जवळजवळ नसतातच. साठच्या ब्रँचला सहा जागा, त्याही प्रवर्गांत विभागलेल्या. किमान पात्रता ४५ टक्के आणि राखीवला ४० असली तरी या कॉलेजांत कॉम्प्युटरसारख्या ब्रँचची यादी नव्वदीच्या पुढेच थांबते.

लेखी पेपरात हुशार मुलांमध्ये फरक थोडाच पडतो. घसरण होते ती क्लास टेस्ट, प्रॅक्टिकल, मॅन्युअल आणि प्रोजेक्टमध्ये. हे मार्क वर्षभर थेंबाथेंबाने मिळतात आणि गेले की परत येत नाहीत. गैरहजेरी, उशिरा दिलेली फाईल, तोंडी परीक्षेत "सर, ते पार्टनरने केलं होतं" असं उत्तर. पाच टक्के असे जातात.

लेखीसाठी एमएसबीटीईच्या संकेतस्थळावरची मॉडेल आन्सर वापरा. मागच्या किमान पाच परीक्षांचे पेपर वेळ लावून सोडवा आणि मॉडेल आन्सरशी ओळ-ओळ ताडून बघा. चार मार्कांच्या उत्तरात आकृतीला किती आणि मजकुराला किती मार्क आहेत ते त्यातून कळतं. नोट्स पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी.

निकालात एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा बरेच कमी मार्क दिसले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. मुदत थोड्या दिवसांची असते. शेवटच्या सेमिस्टरला हे कराल तेव्हा डीएसईच्या तारखा समोर ठेवा. सुधारलेली मार्कशीट यादीनंतर आली तर तिचा फायदा त्या वर्षी मिळेलच असं नाही.

सावधान : शेवटच्या वर्षाला एकही केटी (नापास राहिलेला विषय) राहिली तर त्या वर्षीचा डीएसई गेला. शेवटच्या सेमिस्टरमधल्या इंडस्ट्रियल ट्रेनिंगच्या किंवा प्रोजेक्टच्या नादात, सातपूर-अंबडला कंपनीत दिवसभर राहून, मागच्या सेमिस्टरचा राहिलेला विषय विसरला जातो. तो आधी.

## टप्पा ५ : कागदपत्रं, एक वर्ष आधी

दरवर्षी सर्वांत जास्त रडारड इथे होते. शेवटचं वर्ष सुरू झालं की त्याच महिन्यात ही फाईल करायला घ्या.

जात वैधता प्रमाणपत्र. याला महिने लागतात. अर्ज ऑनलाइन भरून कॉलेजच्या पत्रासह जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातीसाठी वेगळी तपासणी समिती आहे, तीही नाशकात आहे. वडिलांच्या किंवा चुलत्याच्या नावाची वैधता असेल तर ती जोडा, काम सोपं होतं. आजोबांच्या शाळेचा दाखला लागला तर गावच्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीआधी जा. "पावती दाखवली की चालतं" यावर विसंबू नका. ती सवलत त्या-त्या वर्षी जाहीर होते आणि तिला अंतिम तारीख असते. तारीख चुकली की उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो.

नॉन-क्रिमिलेयर. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना लागतं. एससी-एसटीला लागत नाही. ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंतचं. मागच्या वर्षी काढलेलं घरात आहे म्हणून गप्प बसू नका, तारीख वाचा.

ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र. चालू आर्थिक वर्षाचं हवं. एप्रिल उजाडला की नवीन काढा. ज्या प्रवर्गातून अर्ज करायचा तो एकच पक्का करा, दोन दगडांवर पाय ठेवायला जाऊ नका.

डोमिसाईल आणि उत्पन्नाचा दाखला. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. निकालानंतर तिथे गर्दी उसळते. एप्रिलमध्ये काढाल तर निवांत होईल.

नाव. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर, जातीच्या दाखल्यावर आणि डिप्लोमाच्या मार्कशीटवर नाव अक्षरशः एकच आहे का? वडिलांचं नाव एकीकडे "दत्तू" आणि दुसरीकडे "दत्तात्रय" असलं की पडताळणीत अर्ज परत येतो. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ही तपासणी पाचव्या सेमिस्टरलाच.

मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, नुसती शेवटची नव्हे.

## टप्पा ६ : नोंदणी आणि पडताळणी

सीईटी सेलचं पोर्टल दरवर्षी नवीन असतं. माहिती पुस्तिका डाउनलोड करून पूर्ण वाचा. पालकांनीही वाचावी.

नोंदणी सायबर कॅफेत करायला हरकत नाही, पण मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. कॅफेवाले घाईत स्वतःचा नंबर टाकतात, मग ओटीपी त्यांच्याकडे जातात, आणि पर्याय भरायच्या शेवटच्या संध्याकाळी दुकान बंद असतं. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा.

ई-पडताळणीत अर्ज परत आला तर कारण तिथेच लिहिलेलं असतं. ते दुरुस्त करून पुन्हा पाठवल्याशिवाय यादीत नाव येत नाही. रोज सकाळी लॉग इन करून बघा.

तपासा : तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग आणि टक्केवारी या तीन गोष्टी मार्कशीट हातात धरून जुळवा. तक्रारीला दोन-तीन दिवसच मिळतात. अंतिम यादीनंतर कोणी ऐकत नाही.

## टप्पा ७ : पर्याय भरणं, म्हणजेच ऑप्शन फॉर्म

चांगले टक्के असलेली मुलं इथे हातची सीट घालवतात.

यंत्रणा कशी चालते? तुमचा नंबर आला की ती तुमची यादी वरून खाली वाचते आणि जी पहिली जागा मोकळी दिसते ती देते. वर अशक्य वाटणारं कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजाची संधी कमी होत नाही. तरीही मुलं "सेफ" कॉलेज पहिल्या क्रमांकाला टाकतात. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की तो पक्का धरला जातो आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. ९४ टक्क्यांच्या एका मुलीने काळजीपोटी नाशिकचंच कॉलेज पहिलं लिहिलं. तेच मिळालं, आणि तिला पुण्याची जागा त्याच यादीत मिळू शकली असती. ती आठवण अजून टोचते.

म्हणून क्रम असा लावा: मनापासून हवं ते वर, मग त्याखालचं, मग त्याखालचं. शेवटी नक्की मिळतील अशी तीन-चार. ज्या कॉलेजात जायचंच नाही ते यादीत लिहूच नका.

मागच्या वर्षाचा कटऑफ बघताना आपलाच प्रवर्ग आणि तीच फेरी बघा. तिसऱ्या फेरीचा कटऑफ पहिल्या फेरीला लावून बरेच जण फसतात.

ब्रँच मोठी की कॉलेज मोठं, यावर घरात वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे: आवडत नसलेल्या ब्रँचमध्ये तीन वर्षं कोणतंच नाव साथ देत नाही. पण दोन्ही ब्रँच सारख्याच आवडत असतील तर कॉलेज वरचं घ्या.

पुढच्या फेऱ्यांमध्ये किती पसंतीक्रमांपर्यंतची जागा सक्तीची होते ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत असतं. मिळालेली जागा ठेवून वरच्यासाठी थांबायचं की पक्की करायची, हे ते वाचूनच ठरवा.

सावधान : पर्याय नुसते सेव्ह करून भागत नाही. कन्फर्म करावे लागतात. कन्फर्म झाल्यावर प्रिंट काढा आणि प्रत्येक चॉइस कोड पुस्तिकेशी जुळवा. एकाच कॉलेजातल्या दोन ब्रँचचे कोड घाईत बघितले तर सारखेच वाटतात.

## टप्पा ८ : जागा पक्की करणं आणि फी

जागा मिळाली की सीट ॲक्सेप्टन्स फी ऑनलाइन भरायची, मग मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं. तारीख चुकली तर जागा जाते.

कॅपच्या, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या चालू असताना दुसरीकडे संस्था स्तरावर घाईने प्रवेश घेऊन मूळ दाखला तिथे देऊ नका. माझ्या भाच्याच्या वेळी एका खासगी कॉलेजने दाखला परत द्यायला इतके दिवस लावले की कॅपची हजर होण्याची शेवटची तारीख आम्ही जेमतेम गाठली. कागदांच्या साक्षांकित प्रतींचे चार संच आधीच करून ठेवा आणि मूळ कागद जिथे द्याल तिथून पोच घ्या.

फीचं गणित आधी मांडा. शिष्यवृत्ती आणि फी सवलत कॅपमधून आलेल्यांनाच मिळते, व्यवस्थापन कोट्याला नाही. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाख. मुलीला बाहेरगावी पाठवायला कचरणाऱ्या घरांनी हा आकडा लक्षात घ्यावा. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, दरवर्षी नव्याने. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

## टप्पा ९ : प्रवेशानंतरचा पहिला महिना

डीएसईचे वर्ग उशिरा सुरू होतात. बाकीचा वर्ग महिनाभर पुढे गेलेला असतो, आणि त्यांनी पहिल्या वर्षी डिग्रीचं गणित केलेलं असतं. डिप्लोमावाल्यांना सर्वांत जड जातं ते गणितच. हाताचं काम आणि लॅब यांत ते पुढे असतात, पण डिफरन्शियल इक्वेशन आणि लाप्लास समोर आले की दचकतात.

म्हणून डिप्लोमाचा शेवटचा पेपर झाला त्या दिवसापासून प्रवेशापर्यंतचे दोन-अडीच महिने इंटिग्रेशन, पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स यांना द्या. डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणिताचं पुस्तक ग्रंथालयातून किंवा सीनियरकडून घ्या, दिवसाला दहा उदाहरणं. पुण्याला किंवा माटुंग्याला जाताना सामानात ती वही वर ठेवा. ब्रिज कोर्स लावला असेल तर त्याचे विषय त्याच वर्षी संपवा, तिसऱ्या वर्षावर ढकलू नका.